गुळमुळीत

पाण्याला वास येतोय हे पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाने सांगितलं. केस धुवायच्या बेसिनवर मान टाकून, डोळे मिटून निवांत पडलेली बाई एकदम ताडकन उठून बसली आणि निथळत्या केसांनीच म्हणाली, "अहो, हे पाणी कुठलं आहे? गटारात डोकं बुडवल्यासारखं वाटतंय मला."

बारकीने हसून वेळ मारून नेली. शाम्पू जरा जास्त ओतला, बाईला परत निजवलं आणि तिच्या जावेची चौकशी करत तिला बोलण्यात गुंतवलं. बाई गेल्यावर मात्र तिने नळाचं पाणी ओंजळीत धरून नाकाशी नेलं आणि तसंच खाली टाकलं. चहाचं गाळणं विसळल्यावर दिसतं तसं पिवळट पाणी. वास असा, की साबण लावला तरी बोटांना चिकटून राहावा.

बारकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. घरात भावंडं दोनच, थोरला तो दादा आणि ही बारकी. पुढे ती अंगाने चांगली भरली, चाळिशी ओलांडली, दोन खुर्च्यांचं का होईना स्वतःचं पार्लर थाटलं, तरी माहेरी बारकीच राहिली. पार्लरमध्ये तिच्या हाताखाली एक मुलगी होती. लहानखुरी, सदा लगबगीत, एका जागी म्हणून ठरायची नाही. तिला सगळी गिऱ्हाइकं मुंगी म्हणत. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, नवरा टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा, आणि मुंगीला सहावा महिना सरत आला होता. पोट सांभाळत ती खुर्च्यांमधून अशी सरसर वाट काढायची, की बघणाऱ्याच्याच जिवात धडधड व्हावी.

"ताई, घरी तर मी उकळूनच पिते," मुंगी म्हणाली. "पण नवरा कटकट करतो, गॅस काय फुकट येतो का म्हणून. तुमचे दादा पाणीखात्यात आहेत ना? त्यांनाच विचारा की एकदा. म्हणजे माझ्या मागची भुणभुण तरी थांबेल."

दादा पाणीपुरवठा खात्यात जनसंपर्क अधिकारी होता. तक्रार घेऊन आलेल्यांशी बोलायचं, वर्तमानपत्रवाल्यांशी बोलायचं, हेच त्याचं काम. आवाज मऊ, चेहरा हसरा. त्याच्याकडे तावातावाने गेलेला माणूस थंड होऊन बाहेर पडायचा आणि घरी पोचल्यावर त्याच्या लक्षात यायचं, की आपल्या हातात काहीच पडलेलं नाही. पण बारकीला त्याचं कौतुक होतं. आपला भाऊ साहेब आहे, चार लोक त्याचं ऐकतात, याचं कुठल्या बहिणीला नसतं?

संध्याकाळी तिने त्याला घरी फोन लावला.

"दादा, आमच्याकडच्या पाण्याला घाण वास येतोय. प्यायचं की नाही?"

"अगं, त्या बाजूने काही तक्रारी आल्यात, नाही असं नाही. आमची माणसं बघतायत."

"बघू देत. पण प्यायचं का?"

"हे बघ, घाबरण्याचं कारण नाही. जुन्या लाइनीचं काम निघालंय, त्यामुळे थोडाफार फरक जाणवू शकतो. नमुने तपासायला गेलेत. एकंदरीत परिस्थिती नियंत्रणात आहे."

"म्हणजे उकळायला नको?"

"तसा काही आदेश आम्ही अजून काढलेला नाही."

"माझ्याकडची मुंगी पोटुशी आहे रे, म्हणून विचारते."

पलीकडे दाराची घंटा वाजली. मग दादाचा आवाज आला, पूर्वीसारखाच मऊ. "अरे वा, अभिनंदन सांग तिला. या दिवसांत काळजी ही घ्यायचीच असते. बरं, दारात कुणीतरी आलंय. ठेवतो हं."

दुसऱ्या दिवशी मुंगीने पदर खोचता खोचता विचारलं, "काय म्हणाले दादा?"

"काही नाही म्हणाला. बिनधास्त पी. उगाच गॅस जाळू नकोस."

यातलं काहीएक दादा म्हणाला नव्हता. पण बारकी काही खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तेच ऐकू आलं होतं. सख्ख्या भावाशी बोलताना माणूस शब्द थोडेच तपासून घेतो? सूर ऐकतो, आणि सूर तर गोड होता. मुंगीने त्या दिवशी पार्लरच्या नळाचं पाणी तांब्याने घटाघटा प्यायलं आणि तोंड पुसत म्हणाली, "चला, सुटले बाई."

पुढे पाणी हळूहळू निवळलं. वासही कमी झाला, किंवा नाकं सरावली. महिना उलटला असेल, मुंगीची लगबग मंदावली. जरा उभी राहिली की स्टूल शोधायची. डबा उघडायची आणि तसाच मिटायची. पोटुशी बाईला असं होतंच, असं गिऱ्हाइकंही म्हणाली आणि बारकीही. मग एका दुपारी भुवया कोरायच्या मोठ्या दिव्याखाली मुंगी दोरा शोधत वाकली. बारकीची नजर तिच्या डोळ्यांवर गेली आणि तिने मुंगीची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला. बुबुळाभोवतीचं पांढरं पार पिवळं झालं होतं.

तशीच गाडी करून तिने मुंगीला इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, रात्रभर जागलेल्या दिसत होत्या आणि बोलायला तिखट होत्या.

"कावीळ आहे. पाण्यातून आलीय," त्या म्हणाल्या. "माणसाचा मैला पिण्याच्या पाण्यात मिसळला की ही येते. एरवी माणूस काही दिवस झोपून काढतो आणि उठतो. पण पोटुशी बाई हिच्यात मरू शकते. मी तुम्हाला फसवणार नाही. आई राहील की नाही, बाळ राहील की नाही, मला आत्ता माहीत नाही. तुमच्याच भागातून आणखी आलेत, ते बघा, त्या खाटांवर."

माणसाचा मैला. बारकीने तो शब्द ऐकला आणि तिला एकेक आठवायला लागलं. गिऱ्हाइकांना करून दिलेला चहा. बेसिनवर ओठांवरून ओघळलेलं पाणी. भरून टाकलेली चूळ. मुंगीचा तो तांब्या. ती कशीबशी संडासापर्यंत पोचली आणि भडाभडा ओकली. तोंड धुवायला नळाखाली हात धरला, तर ओंजळ तोंडापर्यंत नेववेना. शेवटी तिने ओढणीला तोंड पुसलं आणि मुंगीच्या नवऱ्याला फोन केला.

तो आल्यावर ती तिथून थेट दादाच्या घरी गेली. मनात अजून भावाबद्दल वाईट काही नव्हतं. उलट, दादाला सांगितलं की तो वरच्या लोकांना हलवील, चार ठिकाणी फोन फिरवील, अशीच तिची समजूत होती. दार वहिनीने उघडलं. बारकीचा अवतार बघून तिने तिला स्वयंपाकघरातच नेऊन बसवलं आणि पेला पुढे केला. बारकीने पेल्यात बघितलं आणि हात मागे घेतला.

"पी गं, जारचं आहे," वहिनी म्हणाली.

ओट्याखाली पाण्याचे मोठाले जार ओळीने मांडले होते, निळ्या बुचांचे.

"तुम्ही जारचं कधीपासून घेता, वहिनी?"

"झाले की बरेच दिवस. तुमच्याकडचीच लाइन पुढे आमच्याकडे येते ना. यांनीच सांगितलं, नळाचं बंद करा, दात घासायलाही नको." वहिनीच्या मनात काही नव्हतं, ती भाबडेपणाने सांगत होती. "तुझा नाही का त्या दिवशी फोन आला? तेव्हा जारवालाच तर दारात उभा होता. तुला नाही सांगितलं यांनी?"

दादा आतून खांद्यावर टॉवेल टाकून आला, तिला बघून हसला. "अरे, आज वाट कशी चुकलीस?"

"दादा, तुला माहीत होतं?"

"काय माहीत होतं?"

"पाण्यात गटार मिसळतंय ते."

त्याने एकदा जारकडे बघितलं, एकदा बायकोकडे. मग खुर्ची ओढून बसला. "मिसळतंय असं सिद्ध कुठे झालं होतं? एक शक्यता व्यक्त झाली होती. शक्यता म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, बारके."

"मग हे जार?"

"ही वैयक्तिक खबरदारी झाली."

"मुंगी इस्पितळात आहे. कावीळ झालीय तिला, डॉक्टर म्हणतायत जगेल की नाही सांगता येत नाही. मी तुला विचारलं होतं, ती पोटुशी आहे म्हणून सांगितलं होतं!"

"वाईट झालं. खरंच वाईट झालं." त्याने टॉवेलाची घडी घालायला घेतली. "पण तू शांतपणे आठव. मी तुला 'पी' म्हटलं होतं का? मी म्हटलं, आदेश काढलेला नाही. मी म्हटलं, काळजी घ्यायची असते. माझ्या बोलण्यातला खोटा शब्द एक तरी दाखव."

बारकीने खरोखरच आठवून बघितलं. एकेक वाक्य उलटंसुलटं करून पाहिलं. एकही खोटं नव्हतं. मोरीच्या जाळीत अडकलेलं काही काढायला हात घालावा, धरायला जावं आणि बोटांना नुसतं बुळबुळीत लागावं, तसं तिला झालं. अंगावर सर्रकन शहारा आला. रागाचा नव्हे. राग तिला ओळखीचा होता. ही किळस होती.

लहानपणी दादाच्या चेंडूने शेजारच्या काकूंचा आरसा फुटला होता. आईने विचारलं तर हा मान खाली घालून म्हणाला होता, आरसा फुटला. "फुटला नाही, तू फोडलास," आई म्हणाली होती. "आणि असं गुळमुळीत काय बोलतोस? दात नाहीत का तोंडात?" तेव्हापासून गुळमुळीत हा त्यांच्या घरातला हसण्याचा शब्द झाला होता. कुणी आढेवेढे घेतले, कुणी विचारलं एक आणि सांगितलं भलतंच, की सगळी एका सुरात ओरडायची, गुळमुळीत! वेंधळा म्हणावं, बावळट म्हणावं, तसाच तो शब्द, लाडाचा. इतकी वर्षं बारकीने तो हसत वापरला होता.

"दादा, तू गुळमुळीत बोललास," ती म्हणाली. तिचं तिलाच तोंड कडू झाल्यासारखं वाटलं. "तुला 'पिऊ नकोस' एवढंच म्हणायचं होतं. बायकोला म्हणालास ना?"

"तू काय करतेस दिवसभर?" दादाचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. "येईल तिला सांगतेस, बाई गं, किती तरुण दिसतेस! ते काय खरं असतं?"

"त्याने कुणाला कावीळ होत नाही."

"माझी नोकरी आहे, बारके. मी एकाला उकळून प्या म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं. लोक घाबरले असते."

"घाबरायलाच हवं होतं," असं म्हणून ती उठली. वहिनी भिंतीशी उभी होती. ती जारकडे असं बघत होती, जणू ते आपल्या घरात कुणी आणून ठेवले हेच तिला माहीत नव्हतं.

मुंगी वाचली. बाळ वाचलं नाही. मेलेलं बाळ औषधाने कळा आणून काढावं लागलं, मुलगी होती. त्यानंतर कितीतरी दिवस मुंगी डोळे उघडायची, छताकडे बघायची आणि मिटायची.

एक दिवस दादा इस्पितळात आला. हातात सफरचंदांची पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. बारकी आणि मुंगीचा नवरा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. दादाने त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं ते अत्यंत दुर्दैवी झालं," दादा म्हणाला. "आमच्या सगळ्या भावना तुमच्यासोबत आहेत. काही गोष्टी आपल्या हातात नसतात. सर्व स्तरांवर याची दखल घेतली गेली आहे. धीर धरा."

आणि तो पोरगा उठून उभा राहिला. नखांत टायरचं काळं भरलेले हात त्याने जोडले. "साहेब, तुम्ही एवढे मोठे, आमच्यासाठी आलात," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "इतक्या दिवसांत खात्याचं कुणी विचारायलाही आलं नाही."

दादाने मान झुकवून ते आभार घेतले. चक्क घेतले. दिलेली वस्तू घ्यावी तसे.

बारकी बाकावरून उठली. "दादा, सांग त्याला," ती म्हणाली.

"बारके, ही वेळ नव्हे."

"सांग, तुला माहीत होतं म्हणून."

"ती भावनेच्या भरात आहे," दादा त्या पोराला समजुतीच्या सुरात म्हणाला.

तेव्हा तिनेच सांगितलं. आडपडदा न ठेवता, जारवाल्यासकट सगळं. इतक्या मोठ्याने, की खाटांवरच्या बायकांनी माना वळवल्या. आधी त्या पोराला उलगडाच होईना. तो एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याचे जोडलेले हात सुटले. तो ओरडला नाही, अंगावर धावून गेला नाही. त्याने बाकावरची सफरचंदांची पिशवी उचलली, जिन्याखालच्या कचऱ्याच्या पिंपात नेऊन टाकली आणि परत येऊन जागेवर बसला. दादाने घड्याळ बघितलं, "मी नंतर बोलतो," असं कुणाकडेही न बघता म्हणाला आणि निघून गेला.

दोन दिवसांनी बारकी आईकडे गेली. आई थकली होती, पण तिची जीभ अजून तशीच होती. दूधवाला असो, जावई असो, तोंडावर सुनवायची. आई तरी नीट बोलेल, आई तरी मुलगा म्हणून गय न करता त्याला फाडून काढील, या भरवशावर बारकी गेली होती. तिने सगळं सांगितलं. आई कोथिंबीर निवडत ऐकत होती.

"आता तूच सांग आई. चुकला ना तो?"

आईने एक काडी निवडली. दुसरी निवडली. "आता काय म्हणायचं," ती म्हणाली. "त्याच्याही काही अडचणी असतील. नोकरी म्हटली की वरच्यांचं ऐकावं लागतं. वाईट झालं खरं. दोघांनीही जरा समजुतीने घ्या."

"आई, हो की नाही ते सांग."

"काही गोष्टी घडतात बाई," आई म्हणाली आणि देठं गोळा करायला लागली.

आईने जेवून जा म्हटलं. ताट वाढलं. बारकी बसली, पण समोरच्या भाताला तिने हात लावला नाही. आईवर चिडावं असंही तिला वाटेना. एवढी मोठी बाई, जिने आयुष्यात कुणाची भीड ठेवली नाही, ती पोटच्या पोरापुढे अशी मऊ पडली, हे बघवत नव्हतं. ती भरल्या ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी तिने पार्लरच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून लावलं: नळाचं पाणी पिऊ नका. त्यात गटार मिसळलंय. गिऱ्हाइकं तुटतील हे तिला ठाऊक होतं आणि बरीचशी तुटलीही. गटारात आपले केस धुतले गेले हे कुणाला वाचायचं असतं? दादाचा फोन आला. "भाषा जरा सौम्य करता आली असती," तो म्हणाला. दादा बोलत होता, समन्वय, सहकार्य, गैरसमज, आणि ऐकता ऐकता तिच्या तोंडाला असं पाणी सुटलं, जसं ओकारीच्या आधी सुटतं. तिने फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन तिने कधी उचलला नाही.

पण त्या कागदासमोर लोक थांबायला लागले. आपल्याही घरात कावीळ झाल्याचं एकमेकांना सांगायला लागले. बायकांचा जथा खात्याच्या कचेरीवर दोनदा जाऊन आला, डॉक्टरीणबाईंनी सही करून लिहून दिलं, आणि मग कुठे रस्ता खणायला माणसं आली. दादाची बदली झाली. बढतीवर, असं वहिनीकडून कळलं.

मुंगी तिच्या वस्तू न्यायला आली तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. ती अर्धी उरली होती. तिने आपली कात्री घेतली, चपला घेतल्या, खुंटीवरचा ॲप्रन काढून घडी करून ठेवला.

"ताई, एक विचारू?" ती म्हणाली. "तुमच्या दादांनी 'पी' असं म्हटलं होतं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. जिभेवर आलंच होतं: त्याच्या बोलण्याचा अर्थ तोच होता गं, आता ते उकरून काय उपयोग, तू तब्येतीला जप. एकामागून एक मऊ मऊ वाक्यं तयार होती, आपल्याच तोंडात. बारकीला त्यांची चव कळली आणि तिने आवंढा गिळला.

"नाही," ती म्हणाली. "'पी' मी म्हटलं. तो काहीच म्हणाला नव्हता. मी त्याला जन्मापासून ओळखते, तो काही सांगत नाहीये हे मला कळायला हवं होतं. गॅस जाळू नकोस, हेही माझंच."

मुंगी खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवत उभी राहिली.

"मी उकळत होते, ताई," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मी आता नाही येणार इथे. तुमचाही राग आहे मला. त्यांचा आहेच, पण तुमचाही."

"असू दे. असायलाच हवा."

"कापडाच्या दुकानात बोलावलंय. बसून काम आहे."

बारकीने दुकानाला कडी घातली आणि ती तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला निघाली. रस्त्यात नव्या लाइनीसाठी खोल चर खणलेला होता. तळाशी जुना नळ उघडा पडला होता, गंजून ठिकठिकाणी खाल्लेला, आणि शेजारून गटाराची लाइन हातभर अंतरावरून जात होती. वास अजून येत होता. चरावर एकच फळी टाकली होती. मुंगीने ती ओलांडताना बारकीचा हात घट्ट धरला. पलीकडे पाय टेकल्यावर सोडला आणि मागे न बघता चालायला लागली.